दुखणे थांबले, मग प्रेडनिसोलोन एकदम का बंद करायचे नाही?

वाटसरू (प्रश्न)

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६८ आहे. काही महिन्यांपूर्वी त्यांची मान, दोन्ही खांदे आणि मांड्यांचा वरचा भाग इतका आखडू लागला की सकाळी अंथरुणातून उठून बसायला त्यांना दुसऱ्याचा हात लागे आणि सदऱ्याच्या बाहीत हात घालणे हे अर्ध्या तासाचे काम होऊन बसले. रक्ततपासणीत ईएसआर आणि सीआरपी हे शरीरातील दाह दाखवणारे दोन्ही आकडे बरेच वाढलेले निघाले. संधिवाततज्ज्ञांनी पॉलिमायाल्जिया रुमॅटिका (खांदे व मांड्या आखडवणारा दाहाचा आजार) असे निदान केले आणि प्रेडनिसोलोन १५ मिलिग्रॅम रोज सकाळी एकदा घेण्यास सांगितले. तिसऱ्या दिवशी वडील कोणाच्याही मदतीशिवाय उठले, स्वतःचे केस स्वतः विंचरले आणि आम्हाला वाटले की संकट टळले. पुढे टप्प्याटप्प्याने मात्रा कमी होत दहाव्या आठवड्यात १० मिलिग्रॅमवर आली.

त्याच सुमारास आत्याला कळले की ही गोळी ‘स्टिरॉइड’ आहे. तिने फोनवर वडिलांना असे काही घाबरवले की त्यांनी आम्हाला न सांगता गोळी बंद केली. चौथ्या दिवशी आखडलेपणा तर परत आलाच, पण त्याशिवाय मळमळ सुरू झाली, अन्नावरची वासना उडाली, उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली आणि अंगात त्राण म्हणून उरले नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी रक्तदाब व सोडियम तपासून १० मिलिग्रॅमची गोळी पुन्हा सुरू केली आणि दोन दिवसांत ते सावरले.

गोळी एकदम थांबवायची नाही, एवढे आता आम्हाला पटले आहे. परंतु वडील आयुष्यभर हिशेबनीस होते आणि जमाखर्च जुळल्याशिवाय कोणतीही गोष्ट मान्य करण्याचा त्यांचा स्वभाव नाही. ते विचारतात की हे औषध रक्तातून काही तासांत निघून जात असेल, तर ते बंद करायला महिनोन्महिने का लागावेत? ते शरीरात नेमके करते तरी काय? आणि व्यायामशाळेत जाणारी मुले घेतात ते स्टिरॉइड हेच का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. उपचार आमच्या डॉक्टरांच्याच सल्ल्याने चालू राहतील. मला फक्त कारणे समजून घ्यायची आहेत.

निदानशाळा

वाटसरू, तुमचा शेवटचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण निम्मी भीती त्या एका शब्दातूनच येते. स्टिरॉइड हे एखाद्या औषधाचे नाव नसून एकमेकींना जोडलेल्या चार कड्यांच्या एका कार्बनी सांगाड्याचे नाव आहे. कोलेस्टेरॉल, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल हे सगळे त्याच सांगाड्यावर उभे आहेत, आणि तरीही त्यांची कामे इतकी निराळी आहेत की त्यांना एका नावाने हाक मारणे म्हणजे एका आडनावाच्या सर्व माणसांना एकच समजण्यासारखे आहे. स्नायू फुगवण्यासाठी जी औषधे घेतली जातात ती टेस्टोस्टेरॉनच्या घराण्यातली. प्रेडनिसोलोन कॉर्टिसॉलच्या घराण्यातले आहे. ते स्नायू वाढवत तर नाहीच, उलट मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास मांड्यांचे आणि दंडांचे स्नायू झिजवते.

आता मूळ मुद्दा. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर अ‍ॅड्रिनल, म्हणजे अधिवृक्क, ग्रंथी असतात आणि त्यांच्या बाहेरच्या थरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) तयार होते. ते किती तयार व्हावे हे ग्रंथी स्वतः ठरवत नाही. मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला सीआरएच या संप्रेरकाद्वारे संदेश देतो, पिट्युटरी एसीटीएच हे संप्रेरक रक्तात सोडते आणि त्या एसीटीएचच्या आदेशावरून अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवते. रक्तातील कॉर्टिसॉल पुरेसे झाले की वरच्या दोन्ही ठिकाणी ती खबर पोचते आणि आदेश मंदावतात. हे चक्र रोज फिरते; पहाटेपासून सकाळपर्यंत कॉर्टिसॉल सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते.

प्रेडनिसोलोन हे कॉर्टिसॉलचेच प्रयोगशाळेत घडवलेले रूप आहे. ते मेदात विरघळणारे असल्यामुळे पेशीचे आवरण सहज ओलांडून आत शिरते आणि तेथे कॉर्टिसॉलसाठी असलेल्या ग्राही प्रथिनाला (रिसेप्टरला) जाऊन चिकटते. हे प्रथिन एरवी सोबतच्या इतर प्रथिनांच्या पहाऱ्यात पेशीद्रवात थांबलेले असते. औषध चिकटताच त्याचा आकार बदलतो, पहारा सुटतो आणि ते पेशीच्या केंद्रकात जाते. तेथे दोन प्रकारची कामे होतात. काही जनुके जास्त वाचली जाऊ लागतात, त्यांत दाह आवरणाऱ्या प्रथिनांची जनुके असतात. आणि एनएफ-कप्पा-बी यांसारखे जे घटक दाह पेटवणारी जनुके चालू ठेवतात, त्यांना हे ग्राही प्रथिन अडवून धरते. परिणामी इंटरल्यूकिन-६ सारख्या संदेशद्रव्यांचे उत्पादन घटते. तुमच्या वडिलांच्या आजारात या इंटरल्यूकिन-६चा मोठा वाटा असतो, आणि यकृताला सीआरपी बनवायला सांगणारेही मुख्यतः तेच; म्हणून गोळी सुरू झाल्यावर दुखणे आणि सीआरपीचा आकडा बहुधा जोडीने उतरतात.

जनुकांच्या पातळीवर होणारे हे काम असल्यामुळे त्याला आरंभाला काही तास लागतात आणि औषध रक्तातून गेल्यावरही ते काही काळ टिकते. प्रेडनिसोलोनचे रक्तातील प्रमाण साधारण दोन ते चार तासांत निम्मे होते, परंतु पेशींवरील त्याचा प्रभाव १२ ते ३६ तास राहतो. तुमच्या वडिलांच्या हिशेबातली पहिली तफावत येथे आहे.

दुसरी तफावत अधिक महत्त्वाची आहे. हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी यांना कॉर्टिसॉल आणि प्रेडनिसोलोन यांतला फरक कळत नाही. रक्तात हे द्रव्य मुबलक आहे एवढेच त्यांना दिसते आणि ते आदेश देणे थांबवतात. एसीटीएच केवळ कॉर्टिसॉल बनवण्याचा आदेश देत नाही, तर अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा तो थर पोसण्याचेही काम करते. त्यामुळे आठवड्यामागून आठवडे आदेश आला नाही की तो थर आक्रसतो. गोळी अचानक थांबवली की एक-दोन दिवसांत औषध संपते, पण झोपी गेलेली पिट्युटरी जागी व्हायला, तिने पुन्हा एसीटीएच सोडायला, आणि आक्रसलेली ग्रंथी भरून यायला आठवडे आणि कधी कधी अनेक महिने लागतात. या मधल्या काळात शरीराजवळ ना गोळीचे कॉर्टिसॉल असते, ना स्वतःचे. कॉर्टिसॉल हे रक्तदाब टिकवण्यासाठी, उपाशीपोटी रक्तातील साखर राखण्यासाठी आणि कोणत्याही आजाराचा ताण झेलण्यासाठी अत्यावश्यक असते. उभे राहताना आलेली अंधारी, मळमळ आणि त्राण जाणे ही तुम्ही सांगितलेली लक्षणे त्या तुटीचीच वाटतात. वेळीच लक्ष गेले हे फार बरे झाले. अशा अवस्थेत एखादा जंतुसंसर्ग झाला असता तर रक्तदाब धोकादायक रीतीने कोसळू शकला असता.

गोळी कमी करताना त्रास झाला तर त्याची तीन निरनिराळी कारणे असू शकतात आणि डॉक्टरांनाही ती वेगळी करणे नेहमी सोपे जात नाही. एक, मूळ आजार पुन्हा डोके वर काढतो; तेव्हा खांदे आणि मांड्या पूर्वीसारख्या सकाळी आखडतात आणि सीआरपी बहुधा वाढलेला सापडतो. दुसरे, वर सांगितलेली कॉर्टिसॉलची तूट. तिसरे, कॉर्टिसॉल तपासणीत पुरेसे असूनही शरीराला जास्त मात्रेची सवय झाल्यामुळे येणारी अंगदुखी, उदासपणा आणि थकवा. तुमच्या वडिलांना पहिली दोन एकदम झाली असावीत.

आता हिशेबनिसांसाठी आकडे. निरोगी प्रौढ माणसाचे शरीर दिवसाकाठी जेवढे कॉर्टिसॉल बनवते, ते प्रेडनिसोलोनच्या सुमारे ४ ते ६ मिलिग्रॅमच्या तोडीचे असते. म्हणजे १५ वरून १० वर येताना आपण फक्त वरकड रक्कम कमी करत असतो. तेथे प्रश्न मुख्यतः आजार दबलेला राहतो की नाही एवढाच असतो. खरी कसोटी त्याच्या खाली येते, जेव्हा गोळी शरीराच्या रोजच्या गरजेपेक्षा कमी पडू लागते आणि उरलेला भाग ग्रंथीने भरावा अशी अपेक्षा असते. म्हणूनच या आजारात १० मिलिग्रॅमपर्यंत साधारण चार ते आठ आठवड्यांत उतरतात, आणि त्यापुढे दर चार आठवड्यांनी फक्त १ मिलिग्रॅम कमी करण्याची पद्धत रूढ आहे. एकूण उपचार वर्षभर तरी चालतो आणि अनेकांना त्याहून अधिक काळ लागतो.

याउलट दम्याचा झटका आला म्हणून कोणी पाच-सात दिवस ४० मिलिग्रॅम घेतले, तर ते बहुधा थेट थांबवता येते. तीन आठवड्यांहून कमी काळात ग्रंथी सहसा इतकी सुस्तावत नाही.

खलबत्ता

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. निदानशाळा यांनी वैद्यकीय बाजू चांगली मांडली आहे; मी रेणूबद्दल थोडे लिहिते, कारण ‘घडवलेले रूप’ म्हणजे काय हा प्रश्न वडिलांना पडेलच.

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलचाच जवळचा नातलग, टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले, म्हणजे पहिल्या प्रयोगापासून सुमारे दोन वर्षांत, आणि त्यावरून त्या काळचा उत्साह लक्षात यावा. मात्र त्याच सुमारास रुग्णांचे चेहरे गोल होऊ लागले, पाय सुजू लागले, रक्तदाब चढू लागला. पाय सुजण्याचे आणि रक्तदाब चढण्याचे एक मोठे कारण असे की कॉर्टिसोन व हायड्रोकॉर्टिसोन (औषध म्हणून दिलेले कॉर्टिसॉल) दाह शमवण्याबरोबरच मूत्रपिंडांना सोडियम व पाणी धरून ठेवायला लावतात.

१९५५ च्या सुमारास वापरात आलेले प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन हे त्या अडचणीचे उत्तर होते. शेरिंग कंपनीतील संशोधकांनी जिवाणूंकडून हे काम करून घेतले. हायड्रोकॉर्टिसोनच्या पहिल्या कडीत, पहिल्या व दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनमध्ये, जिवाणूंच्या विकराने (एन्झाइमने) एक दुहेरी बंध निर्माण केला. बदल एवढाच, पण त्यामुळे दाह शमवण्याची ताकद सुमारे चौपट झाली आणि सोडियम धरून ठेवण्याचा गुण वाढण्याऐवजी किंचित घटला. पुढे डेक्सामेथासोनमध्ये एक फ्लोरिन आणि एक मिथाइल गट जोडून ताकद हायड्रोकॉर्टिसोनच्या २५ ते ३० पट नेण्यात आली आणि सोडियमचा प्रश्न जवळपास संपला. व्यवहारात हे असे मोजतात की प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅम म्हणजे हायड्रोकॉर्टिसोनचे २०, मिथाइलप्रेडनिसोलोनचे ४ आणि डेक्सामेथासोनचे ०.७५ मिलिग्रॅम. ‘गोळी लहान आहे, म्हणजे सौम्य असेल’ असा समज रुग्णांमध्ये फार आढळतो, तो या आकड्यांपुढे टिकत नाही.

खेदाची गोष्ट अशी की सोडियमचा दुष्परिणाम वेगळा काढता आला, पण हाडे, साखर आणि प्रतिकारशक्ती यांवरचे परिणाम वेगळे काढता आले नाहीत. दाह शमवणारे ग्राही प्रथिन आणि यकृताला साखर बनवायला लावणारे ग्राही प्रथिन एकच आहे, मग औषधाने निवड तरी कशी करावी?

प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन यांत गल्लत होऊ देऊ नये. प्रेडनिसोन स्वतः निष्क्रिय असते. यकृतातील एक विकर त्याचे प्रेडनिसोलोनमध्ये रूपांतर करते. यकृताचा गंभीर आजार असल्यास म्हणून थेट प्रेडनिसोलोन देणे पसंत करतात.

सकाळच्या वेळेबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगते. शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल सकाळीच सर्वांत जास्त असते. त्या वेळी गोळी घेतली तर ती नैसर्गिक लयीशी जुळते आणि रात्रीपर्यंत तिचा जोर ओसरून पहाटेच्या एसीटीएचला थोडी वाट मिळते. तीच गोळी रात्री घेतली तर झोप उडते आणि पिट्युटरीही अधिक दबते. काहीतरी खाऊन मग घ्यावी, म्हणजे पोटाला त्रास कमी होतो.

आणखी एक गोष्ट. वडील पूर्वी खांदेदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके घेत असतील, तर ती आता आपल्या मनाने घेऊ नयेत. प्रेडनिसोलोन एकट्याने जठरात व्रण करण्याचा धोका फार वाढवत नाही, पण या वेदनाशामकांच्या जोडीने तो चांगलाच वाढतो. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधे यकृतातील विकरे वाढवून प्रेडनिसोलोन लवकर संपवतात. इट्राकोनॅझोलसारखी बुरशीवरील औषधे त्याच्या उलट वागतात. नवे औषध लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना, दंतवैद्यांनासुद्धा, ही गोळी चालू आहे हे सांगणे म्हणूनच आवश्यक असते.

उत्तररात्र

मी डॉक्टर नाही. एका निराळ्या आजारासाठी मी प्रेडनिसोलोन पावणेतीन वर्षे घेतले आणि आता ते पूर्ण बंद आहे, म्हणून रुग्णाच्या बाजूचे थोडे लिहितो.

पहिल्या महिन्यात माझ्या घरच्यांना माझा राग सहन करावा लागला. पहाटे तीन वाजता टक्क जाग येई, डोक्यात विचारांची गर्दी होई, आणि भूक अशी की दोन जेवणांच्या मध्ये तिसरे जेवण होई. हे सगळे औषधामुळे होत आहे हे मला कोणी आधी सांगितले असते, तर मी स्वतःच्या स्वभावाला इतका दोष दिला नसता. तुमच्या वडिलांचा स्वभाव बदललेला वाटला, ते अकारण आनंदी किंवा अकारण खिन्न दिसले, तर ते मनाचे दौर्बल्य समजू नका आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

चेहरा गोल झाला होता. गोळी कमी होत गेली तसा तो पूर्ववत झाला, पण डोळ्यांतला मोतीबिंदू पूर्ववत झाला नाही. त्याची शस्त्रक्रिया करावी लागली. डोळ्यांची तपासणी आणि डोळ्यांतील दाबाची मोजणी मी सुरुवातीपासून करून घ्यायला हवी होती, ती केली नाही याची रुखरुख आहे.

कमी करताना ५ मिलिग्रॅमच्या खाली आलो तेव्हा प्रत्येक टप्प्यानंतर सुमारे आठवडाभर अंग मोडून आल्यासारखे वाटे आणि मग ते आपोआप निवळे. शेवटच्या काळात मी एक दिवसाआड गोळी घेत असे आणि मला ते मानवले. वडिलांसाठीही विचारून पाहावे.

वाटसरू

तिघांचेही मनापासून आभार. निदानशाळा यांचा ‘वरकड रक्कम’ हा शब्दप्रयोग वडिलांना वाचून दाखवला तेव्हा ते पहिल्यांदाच हसले आणि म्हणाले, हे आधीच असे सांगितले असते तर मी गोळी थांबवलीच नसती.

तीन शंका उरल्या आहेत. एक दिवसाआड गोळी घेण्याचा उपाय त्यांना चालेल का? ताप आला किंवा उलट्या झाल्या तर काय करायचे? आणि त्यांची साखर आम्ही दर आठवड्याला सकाळी उपाशीपोटी मोजतो, ती नेहमी व्यवस्थित येते. तेव्हा त्या बाबतीत निश्चिंत राहावे का?

निदानशाळा

साखरेपासून सुरू करतो, कारण तेथे फसगत होण्याची शक्यता आहे. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा साखरेवरचा प्रभाव दुपारनंतर आणि संध्याकाळी सर्वाधिक असतो, आणि रात्रीतून तो उतरतो. म्हणून उपाशीपोटीचा आकडा निर्दोष आणि दुपारच्या जेवणानंतरचा आकडा बराच चढलेला, असे वरचेवर दिसते. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी किंवा रात्रीच्या जेवणाआधी मोजलेली साखर या बाबतीत अधिक खरे सांगते. ती मोजून पाहा आणि डॉक्टरांना दाखवा.

एक दिवसाआड घेण्याबद्दल उत्तररात्र यांचा अनुभव त्यांच्या आजारापुरता खरा असेलच. मुलांच्या नेफ्रोटिक सिंड्रोमसारख्या मूत्रपिंडांच्या आजारात ती पद्धत नेहमीची आहे. परंतु पॉलिमायाल्जियात गोळी नसलेल्या दिवशी आखडलेपणा परत येतो, म्हणून येथे रोजची एकच मात्रा ठेवतात.

तापाबद्दल. निरोगी माणसाला ताप आला, मोठी दुखापत झाली किंवा शस्त्रक्रिया झाली की त्याच्या ग्रंथी कॉर्टिसॉलचे उत्पादन वाढवतात. तुमच्या वडिलांच्या ग्रंथींना सध्या ते जमणार नाही. आजारपणात साधारणपणे दिवसाला १० मिलिग्रॅमचे संरक्षण पुरेसे मानले जाते. म्हणून आता ते १० वर असताना गोळी न चुकवणे हे महत्त्वाचे, आणि पुढे मात्रा त्याखाली गेल्यावर तापाच्या दिवसांत ती तात्पुरती वाढवावी लागू शकते. किती आणि किती दिवस, हे तुमच्या डॉक्टरांकडून आताच कागदावर लिहून घ्या, कारण तापाच्या रात्री विचारायला कोणी सापडत नाही. उलट्यांचे प्रकरण वेगळे आहे. गोळी पोटात टिकत नसेल, वारंवार उलट्या किंवा जुलाब होत असतील, अंग गार पडून गुंगी येत असेल, तर घरी वाट न पाहता रुग्णालयात नेऊन ‘हे रोज प्रेडनिसोलोन घेतात’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे. तेथे हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन आणि सलाइन देतात, आणि त्याचा गुण लवकर दिसतो. वडिलांच्या खिशात तेवढ्या मजकुराची एक चिठ्ठी कायम असू द्या. गोळी पूर्ण बंद झाल्यावरही काही महिने ती खिशातच राहू द्यावी.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पॉलिमायाल्जियाचा एक जवळचा नातलग आहे, जायंट सेल आर्टरायटिस, ज्यात डोक्याच्या धमन्यांना दाह होतो. कानशिलाजवळ नवीन डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणे, चावताना जबडा भरून येणे, किंवा एका डोळ्याने क्षणभर दिसेनासे होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. त्यात दृष्टी कायमची जाऊ शकते आणि उपचार म्हणून प्रेडनिसोलोनच द्यायचे असते, पण ४० ते ६० मिलिग्रॅम अशा मोठ्या मात्रेत.

हाडांचा ऱ्हास उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होतो, कारण हे औषध हाड बांधणाऱ्या पेशींचे काम मंदावते आणि आतड्यातून कॅल्शियमचे शोषण घटवते. हाडांच्या घनतेची तपासणी, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व, आणि गरज पडल्यास हाडांची झीज रोखणारे अ‍ॅलेंड्रोनेटसारखे औषध, यांबद्दल पुढच्या भेटीत विचारा. वयाच्या ६८ व्या वर्षी हा विषय लांबणीवर टाकू नये. तसेच जिवंत जंतूंच्या लसी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि पूर्वी क्षयरोग होऊन गेला असेल तर तेही सांगावे, कारण दबलेला क्षय या औषधाखाली पुन्हा जागा होऊ शकतो.

शेवटच्या टप्प्यात ग्रंथी जागी झाली की नाही हे सकाळी आठ-नऊच्या सुमारास रक्तातील कॉर्टिसॉल मोजून पाहता येते. आदल्या दिवशीच्या गोळीनंतर किमान २४ तास जाऊ देऊन, त्या दिवशीची गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यायचे असते, कारण काही चाचण्यांना प्रेडनिसोलोन आणि कॉर्टिसॉल यांतला फरक कळत नाही. १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आकडा आला तर ग्रंथी सावरली असे धरतात, ५ च्या खाली आला तर अजून थांबायचे, आणि मधला आला तर डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात.

खलबत्ता

एक बारीकशी भर. १ मिलिग्रॅमने कमी करायचे तर १ मिलिग्रॅमच्या गोळ्या डॉक्टरांकडून वेगळ्या लिहून घ्याव्यात. ५ मिलिग्रॅमच्या गोळीचे चाकूने पाच तुकडे करण्याचा प्रयत्न मी स्वतः पाहिला आहे. एक तुकडा दुसऱ्याच्या दुप्पट निघतो. आणि गोळीवर आतड्यात विरघळणारे आवरण असेल, तर ती मुळीच तोडू नये.

वाटसरू

आज डॉक्टरांची भेट झाली. दुपारच्या जेवणानंतरची साखर खरोखरच चढलेली निघाली. पथ्य सांगितले आहे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोजायची आहे. हाडांच्या घनतेची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. तापाच्या दिवसांसाठीची सूचना त्यांनी स्वाक्षरीसह लिहून दिली आणि १ मिलिग्रॅमच्या गोळ्याही दिल्या. पुढचे चार आठवडे १० मिलिग्रॅमच राहील, मग ९.

वडिलांनी एक जुनी खतावणी काढली आहे. डाव्या पानावर गोळीची मात्रा, उजव्या पानावर सकाळी उठायला लागलेली मिनिटे, आणि खाली त्या दिवशीची दुपारची साखर. आत्याचा परवा पुन्हा फोन आला होता, तेव्हा त्यांनी तिला हायपोथॅलॅमसपासून सुरुवात करून पाऊण तास सगळे समजावून सांगितले.